अर्धे कातलेले पात्र

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, जेतवन विहारात वच्छक नावाच्या भिक्षूला उद्देशून सांगितली.

वच्छक आणि उत्तिय हे दोघे भिक्षू अकरा वर्षे एकाच कुटीत राहिले होते. एका पावसाळ्यात उत्तियाला ज्वर आला. वच्छकाने त्याची मनोभावे शुश्रूषा केली, पण तो वाचला नाही. वर्षावास संपला, बरेचसे भिक्षू गावोगावी निघून गेले, तरी वच्छक त्या कुटीतून हलेना. उत्तियाचे मातीचे भिक्षापात्र तो रोज सकाळी धुई, उन्हात ठेवी आणि पुन्हा फळीवर त्याच्या जागी नेऊन ठेवी. त्याच सुमारास विहारात एक परगावचा भिक्षू आला. वाटेत त्याचे पात्र फुटले होते. बाकीच्यांचे जेवण होईपर्यंत तो थांबून राही आणि मग कुणाच्या तरी उसन्या पात्रात जेवे. भिक्षूंनी वच्छकाकडे उत्तियाचे पात्र मागितले. त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. शेवटी गोष्ट शास्त्यांच्या कानावर गेली.

शास्त्यांनी त्याला बोलावून विचारले, "वच्छका, तू ते पात्र कुणाला देत नाहीस, हे खरे का?"

"खरे आहे, भगवन्."

"का देत नाहीस?"

वच्छक म्हणाला, "मी त्याला वाचवू शकलो नाही. त्याचे पात्र तरी सांभाळतो."

शास्त्यांनी त्याला जवळ बसवून घेतले आणि ही पूर्वजन्मीची हकिगत सांगितली.

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात अश्मक देशाचा एक राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगरापासून योजनभर दूर, रानाच्या कडेला, कातारी कुळात जन्मला. त्याचे नाव सारक. कातारी म्हणजे सांगाड्यावर लाकूड फिरवून त्याचे वाडगे, थाळ्या, करंडे कातणारा. हे काम पुष्कळ जण करीत. पण सारकाच्या घराण्याचा एक वेगळा नेम होता. उभ्या झाडाला ते कुऱ्हाड लावीत नसत. वाऱ्याने पाडलेले, पुराने उपटलेले, वय होऊन आडवे झालेले झाड तेवढे ते घेत. लोक हसत. "रानात हजार झाडे उभी आहेत आणि हा बसलाय वादळाची वाट बघत," असे म्हणत. वाडगा घ्यायला मात्र त्याच्याच दारी येत.

पडलेले झाड सापडले तरी त्याला सात दिवस हात लावायचा नाही, अशीही रीत होती. रोज सकाळी जायचे, कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर तीनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "आत कोणी असाल तर निघा. आम्ही घाईत नाही." खारी निघत, मुंग्या आपली अंडी घेऊन निघत, एखादा सापही निघे. आठव्या दिवशी खोड कातारीचे होई.

सांगाडा हे दोन माणसांचे काम. आडव्या दांड्याला लाकडाचा गट्टू बसवतात आणि दांड्याभोवती कातड्याची वादी गुंडाळतात. एकाने समोर बसून ती वादी आळीपाळीने डावी-उजवी ओढायची, म्हणजे गट्टू गरगर फिरतो. दुसऱ्याने पटाशी धरायची. गट्टू आपल्याकडे फिरेल तेव्हा पटाशी टेकवायची, उलटा फिरेल तेव्हा उचलायची. ओढणारा आणि कातणारा यांचा मेळ बसला नाही, तर पटाशी लाकडात रुतते आणि आठवड्याचे काम क्षणात वाया जाते.

सारकाची वादी त्याची बायको पाटला ओढीत असे. बावीस वर्षे तिने ती ओढली. प्रत्येक ओढीच्या शेवटी ती श्वास घेण्यापुरती थांबे आणि त्या थांबण्यातच सारकाची पटाशी वर उठे. काम चालू असताना दोघे कधी बोलत नसत. बोलायची गरजच पडत नसे. त्यांना मूलबाळ नव्हते, शेजार नव्हता, आणि दोघांनाही त्याचे फारसे काही वाटत नव्हते.

एका माघात रानातले शिवणीचे एक मोठे झाड वय होऊन पडले. त्याच्या बुंध्यातून त्या दोघांनी आजवर केले नव्हते एवढे मोठे पात्र कातायला घेतले. दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढे. ओले लाकूड एकदम पुरे कातत नाहीत. आधी जाड भिंतीचे अर्धे कातायचे, लाकडाच्या किसात पुरून वर्षभर सावकाश वाळू द्यायचे आणि मग पुन्हा सांगाड्यावर चढवायचे. त्याप्रमाणे त्यांनी ते अर्धे कातले आणि किसात पुरले. पुढच्याच महिन्यात पाटला तापाने अंथरुणाला खिळली आणि पाचव्या दिवशी गेली.

पाटला गेली, पण पोट काही गेले नव्हते. सारकाने वेळूची एक कमान केली आणि तिची दोरी दांड्याभोवती गुंडाळली. उजव्या हाताने कमान पुढे-मागे ओढायची, डाव्या हाताने आणि पायाच्या अंगठ्याने पटाशी धरायची, असे तो एकट्याने कातू लागला. एका हाताच्या जोरावर मोठे काम होत नाही, म्हणून त्याचे वाडगे लहान होत गेले. चार-चार दिवस त्याच्या दारी कुणी येत नसे. मग एखादे गिऱ्हाईक आले की त्याला उत्तर देताना स्वतःचा आवाज त्याला परका वाटे. सांगाड्यासमोर पाटलेचा बसायचा पाट तसाच मांडलेला होता. एकदा एक वाटसरू दमून त्यावर बसायला गेला. "तिथे नको," सारक एवढेच म्हणाला. तो बिचारा ओशाळून जमिनीवर बसला.

आणि ते मोठे पात्र? वर्ष उलटले, दुसरे उलटले, तिसरे आणि चौथेही उलटले, तरी त्याने ते पुरे केले नाही. रोज सकाळी तो किसातून ते बाहेर काढी, आतून-बाहेरून तिळाचे तेल चोळी आणि पुन्हा पुरून ठेवी. त्याच्या दिवसातले तेवढेच काम त्याला करावेसे वाटे. बोधिसत्त्व झाला तरी माणूसच तो. त्याला फार एकटे वाटत होते.

त्या वर्षी चैत्रात राजाचा अमात्य त्याच्या दारी आला. राजाने नवस केला होता की वैशाखी पौर्णिमेला आपण स्वतःच्या हातांनी गोरगरिबांना खीर वाढू. त्यासाठी त्याला लाकडाचे, एकसंध, कवेत मावेल एवढे मोठे पात्र हवे होते.

अमात्य म्हणाला, "सारका, हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमायचे नाही. पात्र करून दे, मग नगरातच राहायला ये. कातारी आळीत घर देतो. वादी ओढायला चार माणसे देतो. इथे रानात भुतासारखा एकटा किती दिवस राहणार?"

धनाचा लोभ सारकाला कधी शिवला नव्हता. पण आळी, शेजार, भिंतीपलीकडून येणारे बोलणे, हे सगळे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

"एवढ्या घेराचे पडलेले झाड या पंचक्रोशीत नाही," तो म्हणाला.

"पडलेले कशाला हवे? ओढ्याकाठी तो हेदू उभा आहे. त्याच्या बुंध्यातून अशी चार पात्रे निघतील."

"उभ्या झाडाचे मी कातत नाही."

"मग तुझ्याकडे दुसरे काही आहे का?"

सारक गप्प राहिला. खोटे तो बोलला नाही, पण खरेही बोलला नाही. किसाच्या ढिगाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. अमात्य थोडा वेळ वाट पाहून म्हणाला, "ठीक आहे. झाड आमची माणसे पाडतील, कातेल आळीतला कुणीतरी. तुझे हात तुझ्यापाशी राहू देत." आणि तो निघून गेला.

तीन दिवसांनी ओढ्याकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. सारक हातातली पटाशी टाकून तिकडे धावला. हेदूखाली गोधक नावाचा तोडकरी उभा होता. आडव्या अंगाचा, अखंड बडबड करणारा गडी. बुंध्यावर त्याने पहिली खाच पाडली होती आणि पिवळे लाकूड उघडे पडले होते.

"थांब," सारक म्हणाला. "आधी ठोकून पाहिलेस का?"

"पाहिलं की," गोधक म्हणाला. "तुमची रीत ठाऊक आहे मला, दादा. तीनदा ठोकलं, निघा म्हणून ओरडलो. चिटपाखरू निघालं नाही. रिकामं आहे झाड."

"वर बघ."

जमिनीपासून वीसेक हात उंचीवर खोडात एक ढोली होती. तिचे तोंड चिखलाने लिंपलेले होते आणि मधे बोटभर रुंदीची उभी फट तेवढी उरली होती. इतक्यात एक धनेश पक्षी पंखांचा मोठा आवाज करीत आला, ढोलीशी बिलगला आणि गळ्यातली उंबरे एकेक करून त्या फटीत देऊ लागला. आतून एक वाकडी चोच पुढे आली. तिने फळ घेतले आणि ती मागे गेली.

गोधकाने कुऱ्हाड खाली घेतली. "हे काय आहे?"

"मादी आत आहे. अंडी घालायच्या आधी ती आत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. पिसे गाळून बसते. आता तिला उडता येत नाही, बाहेर पडता येत नाही. तू सात दिवस ठोकलेस तरी ती निघणार नाही. ज्येष्ठात पिले वाढली की स्वतःच लिंपण फोडेल."

"ज्येष्ठात!" गोधकाने कपाळाला हात लावला. "दादा, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पात्र दानशाळेत पोचलं नाही तर अमात्य माझी चामडी सोलतील. घरी म्हातारी आहे. मी पाखराकडे बघू का तिच्याकडे?"

त्याचेही काही चूक नव्हते. सारक ढोलीकडे पाहत राहिला. आत कोंडून घेतलेली, अंधारात बसलेली ती चोच पुन्हा एकदा फटीशी आली. निदान तिला तिचे दार कधी फोडायचे हे ठाऊक होते. आपल्याला ते चार वर्षांत कळले नाही, असे त्याच्या मनात आले आणि त्याला स्वतःची लाज वाटली. आपण त्या दिवशी अमात्यापुढे गप्प राहिलो म्हणून ही कुऱ्हाड इथे आली, हेही त्याला स्वच्छ दिसले.

"पात्र पोचले म्हणजे झाले ना?" त्याने विचारले. "ते याच झाडाचे असावे, असे कुणी सांगितले आहे का?"

"तसं कुणी म्हटलेलं नाही."

"मग कुऱ्हाड ठेव आणि माझ्याबरोबर चल. मला एक माणूस हवा आहे."

घरी येऊन सारकाने किसातून ते पात्र काढले आणि सांगाड्यावर चढवले. दांड्याला वादी गुंडाळली. चार वर्षांत ती कडक झाली होती, म्हणून तिला तेल लावून मऊ केले. एवढे सगळे त्याने धडाधड केले. मग तो नुसताच उभा राहिला. गोधक दारात वाट पाहत होता.

"मी कुठं बसू?" त्याने विचारले.

सारकाने पाटाकडे बोट केले. "तिथे बस."

गोधक ऐसपैस मांडी घालून पाटावर बसला. पाट करकरला. सारकाने मान फिरवली आणि उगाचच पटाशीची धार पाहिली. डोळे भरून आले होते, ते त्याने कोरडे होऊ दिले.

गोधकाने वादी ओढली ती दोरखंडाने बैल ओढावा तशी. थांबणे म्हणून त्याला ठाऊकच नव्हते. पटाशी दोनदा रुतली, एकदा सारकाच्या अंगठ्याला लागली. सारकाचा हात बावीस वर्षांच्या सवयीने त्या श्वासभर थांबण्याची वाट पाही, आणि ते काही येत नसे. शेवटी तो म्हणाला, "गोधका, तू गप्प का बसलास?"

"तुम्ही कामात बोलत नाही म्हणून ऐकलं होतं."

"तू बोल."

मग गोधक बोलू लागला. म्हातारीचे गुडघे, अमात्याची चिडखोर घोडी, मागच्या जत्रेत हरवलेले पागोटे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो दम घ्यायला थांबे आणि तेवढ्यात पटाशी वर उठे. तसा मेळ बसला. पाटलेचा मेळ वेगळा होता, हा वेगळा होता, पण पात्र फिरू लागले.

वरचा तेलकट थर निघाला आणि पटाशी आत शिरली, तसा खोलीत एक गोडसर वास पसरला. ओल्या शिवणीचा वास. पाटला समोर बसून वादी ओढत होती त्या माघातल्या सकाळी घरभर हाच वास होता. सारकाने पटाशी उचलली आणि आतून निघालेला कीस चिमटीत धरला. तो दमट होता.

"काय झालं?" गोधकाने विचारले.

"हे अजून ओलेच आहे."

"चार वर्षं झाली म्हणता ना?"

"मी रोज तेल चोळत होतो. अर्ध्या कातलेल्याला तेल लावत नाहीत. तेलाने लाकडाची वरची छिद्रे बुजतात आणि आतली ओल आतच राहते."

"हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? कातारी असून?"

"पोरासोरांना ठाऊक असते, गोधका," सारक म्हणाला. "पाटलेला मीच शिकवले होते."

गोधकाने हातातली वादी खाली ठेवली.

सारकाने विचार केला. जाड ठेवले तर ओले लाकूड वाळताना तडकणार. म्हणून त्याने भिंत सगळीकडे सारखी पातळ केली, म्हणजे वाळताना ते वाकेल, पण फुटणार नाही. चार दिवस दोघे खपले. पात्र तयार झाले तेव्हा ते पूर्ण गोल होते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, गाडीत घालून दानशाळेत पोचेपर्यंत, ते थोडे लांबट झाले होते.

अमात्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे वाकडे आहे."

पण राजा पुढे आला आणि त्याने पात्राला दोन्ही हातांनी कवेत घेतले. ते त्याच्या छातीशी नीट बसले. त्याने विचारले, "कातारी, हे गोल का नाही?"

"महाराज, हे अजून वाळते आहे. वापरात राहील तसे स्थिर होईल. मी याला फार दिवस अडवून ठेवले होते."

राजाने आणखी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. राजाने त्या पात्रातून खीर वाढली. आंधळे, पांगळे, वाटसरू, लेकुरवाळ्या बाया ओळीने बसल्या होत्या. सारकही त्या ओळीत दोन अनोळखी माणसांच्या मधे बसला. ओळीतल्या कुणी त्याला ओळखले नाही. पात्र कुणी केले, त्याची वादी पहिल्यांदा कुणी ओढली होती, हे त्या शेकडो माणसांतल्या एकालाही ठाऊक नव्हते आणि त्यानेही कुणाला सांगितले नाही. राजाने त्याच्या द्रोणात खीर वाढली. सारकाने ती खाल्ली. शेजारच्या म्हातारीने विचारले, "पोटभर झालं का, बाबा?" तो "हो" म्हणाला.

अमात्याने आळीतल्या घराचे पुन्हा विचारले नाही आणि त्यानेही आठवण दिली नाही. तो रानात आपल्या घरी परतला. किसाच्या ढिगात पात्राएवढा खळगा तसाच होता. सकाळी सवयीने त्याने तेलाची कुपी हातात घेतली आणि मग परत ठेवली. घर पूर्वीइतकेच शांत होते. काही दिवस त्याला फार जड गेले.

ज्येष्ठात एका सकाळी तो हेदूखाली जाऊन बसला. ढोलीच्या आतून ठोकल्याचा आवाज येत होता. लिंपणाचा एक तुकडा पडला, मग दुसरा. दुपार कलायच्या सुमारास मादी बाहेर आली. तिची नवी पिसे चुरगळलेली होती. ती फांदीवर बराच वेळ बसून राहिली आणि मग वेडीवाकडी उडत ओढ्यापलीकडे गेली. मागून कुणाचे तरी मोठ्याने बोलणे ऐकू आले. गोधक चढण चढत, लांबूनच विचारत येत होता, "दादा, बाहेर पडली का ती?"

त्यानंतर गोधक महिन्या-दोन महिन्यांनी येई आणि पाटावर बसून दिवसभर वादी ओढी. बाकीचे दिवस सारक एकटाच कमानीवर लहान वाडगे कातत असे. असा आयुष्यभर पडलेल्या झाडांना आकार देऊन तो आपल्या कर्मानुसार परलोकी गेला.

एवढे सांगून शास्ता थांबले. मग म्हणाले, "वच्छका, तेव्हाचा राजा म्हणजे तो पात्र फुटलेला भिक्षू. पाटला पुढच्या एका जन्मी प्रव्रज्या, म्हणजे संन्यास, घेऊन मुक्त झाली. सारक कातारी मीच होतो. आणि मेलेल्याच्या जागी बसून ज्याने वादी ओढली, तो गोधक तू होतास."

वच्छक खाली पाहत होता. त्याने हळूच विचारले, "आणि उत्तिय, भगवन्?"

"ढोलीत कोंडून बसलेली ती मादी म्हणजे उत्तिय. तू कुऱ्हाड खाली ठेवलीस म्हणून ती उडाली. या जन्मी तू त्याला वाचवू शकला नाहीस, वच्छका. त्या जन्मी वाचवले होतेस."

वच्छक बराच वेळ रडला. मग तो उठून कुटीत गेला. फळीवरचे पात्र सकाळी धुतलेले होते आणि ऊन नसल्यामुळे अजून ओलसर होते. त्याने ते चीवराच्या पदराने पुसले, नेऊन परगावच्या भिक्षूच्या हातात दिले आणि त्याच्या शेजारी जेवायला बसला.

ज्यात जीव अडकला आहे तेच देता येणे, याला दानपारमिता म्हणतात.